फुकटच्या कामासाठी कोल्हापूरची खेप

मिरज सोडल्यावर गाडी उसाच्या एका फडाशेजारी थांबली आणि बराच वेळ हललीच नाही. आदल्या दिवशी दुपारी मी वर्ध्याला बसले होते. मनमाडपासून दौंडपर्यंतची रात्र कूस बदलत काढली होती, पाठीचं लाकूड झालं होतं, आणि आता कोल्हापूर हाकेच्या अंतरावर आलेलं असताना सिग्नल मिळत नव्हता. खिडकीतून तोडणी झालेल्या फडाचं पाचट दिसत होतं. कुठल्यातरी गुऱ्हाळाचा गोडसर धूर डब्यात येत होता. एरवी असं काही दिसलं की मी हरखून जाते. त्या दिवशी मनात एवढंच आलं, की शेजारच्या रुळावर वर्ध्याकडे जाणारी गाडी उभी असती तर मुकाट्याने तिच्यात जाऊन बसले असते.

समोरच्या बाकावर मिरजेला चढलेले एक गृहस्थ होते. डोक्यावर पांढरी टोपी, मांडीवर भडंगाचा पुडा. (भडंग म्हणजे लसूण-तिखट लावलेले चिरमुरे, आणि चिरमुरे म्हणजे आपले मुरमुरे.) त्यांनी पुडा माझ्यापुढे धरला.

"घ्या पावणं. कुठनं आलासा?"

‘पावणं’ म्हणजे पाहुणे. इकडे अनोळखी माणसाला अशीच हाक मारतात, मग तो पुरुष असो की बाई. मी वर्ध्याचं नाव सांगितलं.

"एवढ्या लांबनं? देवीला काय?"

"नाही, सरकारी कामाला. आमचा एक कॉम्प्युटरचा प्रोग्राम आहे, त्याला अनुदान मागायचंय."

"इकतासा काय त्यो?" (विकता का तो?)

"नाही. फुकट देतो. कुणीही घ्यावा, वापरावा."

त्यांचं चावणं थांबलं. "फुकट वाटतासा, आनि वर सरकारकडं पैसं मागतासा? मग इकाच की!" एवढं बोलून ते मोकळेपणाने हसले. हसण्यात वाकडेपणा नव्हता. पण मला हसू आलं नाही. हाच प्रश्न मला आमच्या स्टाफरूममध्ये, घरी, बँकेत आणि मुंबईच्या एका कार्यालयातही विचारून झाला होता, आणि प्रत्येक वेळी उत्तर देताना मी थोडी जास्त दमत गेले होते.

तुम्हालाही तो पडला असेल, म्हणून आधीच सांगते. मी कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवते. प्रत्येक झाडाच्या फुलातला परागकण वेगळा असतो. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर एक धोत्र्याच्या बोंडासारखा काटेरी दिसतो, दुसरा गव्हाच्या दाण्यासारखा मधोमध चिरलेला. हे कण ओळखायचे आणि मोजायचे म्हणजे डोळे फुटायची वेळ येते. काही वर्षांपूर्वी मी एका चर्चागटावर विचारलं होतं, की हे काम कॉम्प्युटरला शिकवता येईल का. कोल्हापूरच्या मिलिंद कांबळे नावाच्या माणसाने उत्तर दिलं, आणि आठवडाभरात एक छोटा प्रोग्राम लिहून पाठवला. फोटो द्यायचा, तो कण मोजतो आणि नावं सांगतो. आम्ही तो सगळ्यांसाठी खुला ठेवला. मग कुणी आपल्याकडच्या फुलांचे फोटो दिले, कुणी चुका दुरुस्त केल्या. आज दम्याचे डॉक्टर तो वापरतात, मधाची तपासणी करणारे वापरतात, जुन्या तळ्यांच्या गाळावरून तिथे पूर्वी काय उगवत होतं ते शोधणारेही वापरतात. यातल्या कुणालाही कधी पैसे मिळालेले नाहीत. येणारे-जाणारे पुष्कळ, पण रोजची देखभाल मी आणि मिलिंद अशी दोघांचीच. कॉम्प्युटर बदलले की प्रोग्राम बिघडतो, आणि तो दुरुस्त करणं फक्त मिलिंदला जमतं.

त्या हिवाळ्यात मिलिंदचा निरोप आला. तो कोल्हापुरातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो, म्हणजे जेवढे तास तेवढेच पैसे, आणि सुट्टीत काहीच नाही. पुण्याच्या एका कंपनीने त्याला कायमची नोकरी देऊ केली होती. "तिकडं गेलो तर हे काम सुटेल, मॅडम," एवढंच त्याने लिहिलं होतं. त्याच सुमाराला सरकारची एक योजना निघाली, अशाच वैज्ञानिक सॉफ्टवेअरसाठी. माणूस ठेवायला पैसे मिळणार होते, पण ते सुट्या माणसांना नाही, कुठल्यातरी संस्थेच्या खात्यातच. मिलिंदच्या कॉलेजने यजमान व्हायची तयारी दाखवली. अर्ज ऐकायला समिती कोल्हापूरलाच येणार होती. मी रजा टाकली. आमच्या कार्यालयाने ती ‘वैयक्तिक कारण’ म्हणून मंजूर केली.

गाडी एकदाची कोल्हापूरला लागली. फलाटाच्या टोकाला दोन हेल्मेटं घेतलेला एक उंच, सडपातळ माणूस उभा होता. आवाज इतक्या वर्षांच्या ओळखीचा, माणूस पहिल्यांदाच पाहत होते. त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"मॅडम, तुम्ही एवढ्या बुटक्या असाल असं वाटलं नव्हतं," तो म्हणाला आणि लगेच कानापर्यंत लाल झाला. "म्हंजे, फोनवर आवाज मोठा हाय तुमचा."

प्रवासात पहिल्यांदा मी हसले ती तेव्हा.

त्याचं घर उचगावला, शहराच्या कडेला. माझी बॅग त्याच्या दोन पायांत आणि मी मागे, असे आम्ही स्कूटरवरून निघालो. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर मोठ्याने गाणी लावून चालला होता. त्याला ओलांडायची हिंमत मिलिंदने केली नाही, त्यामुळे घरापर्यंत आम्ही ती सगळी गाणी ऐकली. दोन खोल्या, वर गच्ची. बाहेरच्या खोलीत बुद्धाची तसबीर, आणि तिच्याखाली कॉम्प्युटर. आमच्या कामाचा सगळा संसार त्या एका टेबलावर होता. मिलिंदची बायको सुजाता खासगी दवाखान्यात नर्स आहे. ती ड्युटीवर निघायच्या तयारीत होती. "जयभीम मॅडम," ती म्हणाली. मीही जयभीम केला. "चहा ठेवलाय. पिऊन झोपा आधी. तोंड बघा कसं झालंय."

मी झोपले ती थेट दिवेलागणीला उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिलिंदने मंगळवार पेठेतल्या एका मिसळीच्या दुकानात नेलं. बाकावर आधीच बसलेल्या दोघांनी सरकून मला जागा केली. मिसळीबरोबर इथे पाव नाही, स्लाइस ब्रेड देतात, आणि कट (आपल्याकडची तर्री) वाटीतून मागाल तितका वाढतात. माझ्या शेजारचा म्हातारा तो नुसता पीत होता. मला दोन घासांत घाम फुटला, नाक वाहू लागलं, आणि का कोण जाणे, बरं वाटलं. मिलिंद मात्र चमचा फिरवत बसला होता. "समितीला द्यायच्या यजमान संस्थेच्या पत्राचा मसुदा प्राचार्यांनी केलाय," तो म्हणाला. "त्यात एक वाक्य हाय. तुम्हीच बघा."

प्राचार्य सौम्य स्वभावाचे, साठीकडे झुकलेले गृहस्थ. त्यांनी चहा मागवला, वर्ध्याच्या उन्हाची चौकशी केली आणि मसुदा पुढे सरकवला. सगळं पत्र ठीक होतं. शेवटचं वाक्य असं: ‘सदर संगणकप्रणालीचे सर्व हक्क संस्थेकडे राहतील.’

"सर, हे आम्हाला लिहून देता येणार नाही," मिलिंद म्हणाला. "कितीतरी लोकांनी यात आपला तुकडा दिलाय. सगळ्यांना खुलं राहील, कुणी एक मालक होणार नाही, या अटीवर दिलाय."

"अहो, मी कुठं बंद करतोय? फक्त नाव संस्थेचं." प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला. "हे वाक्य माझं नाही, अध्यक्षांचं आहे. त्यांना भेटा. ते काढा म्हणाले तर मी आत्ता काढतो."

कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष म्हणजे आबा. शिवाजी पेठेत त्यांचं पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे. गल्ली इतकी अरुंद की स्कूटर बाहेर लावून चालत जावं लागलं. दुतर्फा घरं एकमेकांना चिकटलेली, आणि वर पेठेच्या फुटबॉल संघाच्या पताका इतक्या दाट की खाली सावली पडलेली. आबा गल्ल्यावर बसले होते. सत्तरीतला माणूस, पण मनगट माझ्या पोटरीएवढं.

"बसा ताई. लांबनं आलासा म्हणं. दूध घेतासा?"

नाही म्हणायची सोय नव्हती. म्हशीच्या दुधाचे पेले आले. मिलिंदने आपली बाजू मांडायला सुरुवात केली. आबा पेले मोजावेत तसे त्याचे शब्द ऐकत होते.

"कसं हाय," शेवटी ते म्हणाले, "सरकारचा पैसा माझ्या संस्थेच्या खात्यात येणार. उद्या ऑडिटवाला आला, म्हणला, ह्या पैशात काय घेतलासा? खुर्ची घेतली तर खुर्ची दाखवीन, कपाट घेतलं तर कपाट दाखवीन. हितं काय दाखवू? जे आमचं न्हाईच, ते?"

मिलिंदने घाम पुसला. समोरच पेठेची तालीम होती. त्याने तिकडे बोट केलं. "आबा, तालमीचा हौदा (कुस्तीचा मातीचा आखाडा) कुणाचा हो? ज्याला मेहनत करायची त्याचा. आमचं बी तसंच हाय."

"हौदा?" आबा गडगडून हसले. "ट्रस्टच्या नावावर हाय! उतारा माझ्याच कपाटात हाय. दाखवू?"

मला त्या माणसाचा राग आला असता तर बरं झालं असतं. पण त्यांचं सगळंच चुकीचं आहे असं मला वाटेना. जबाबदारी त्यांच्या गळ्यात पडणार होती, आणि हातात दाखवायला काहीच राहणार नव्हतं. आम्ही दूध संपवलं, नमस्कार केला आणि पताकांच्या सावलीतून बाहेर आलो.

त्या संध्याकाळी सुजाताने माझ्यासाठी मटण केलं होतं. तांबडा रस्सा आणि पांढरा रस्सा, दोन्ही. (पांढरा म्हणजे मटणाच्या पाण्यात नारळाचं दूध आणि वाटलेली खसखस, दिसतो सौम्य, पण तिखटाला कमी नसतो.) ड्युटीवरून येऊन तिने हे सगळं उभ्या उभ्या केलं होतं. जेवायला बसल्यावर मिलिंदने पत्राची हकीकत सांगितली. ती वाढता वाढता थांबली.

"एका वाक्यासाठी अडलंय?"

"एका वाक्यासाठी."

"मग घाला की ते वाक्य. नाव त्यांचं लागू दे, पगार तुमचा येऊ दे." मग ती माझ्याकडे वळली. "मॅडम, तुम्हीच सांगा ह्यांना. रात्री-अपरात्री उठून कुठल्या कुठल्या लोकांची कामं करतात. पोरगी जन्मली त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर बसून काम करत होते. एक माणूस आला न्हाई कधी विचारायला, बाबा, तुझं कसं चाललंय. आणि त्याच माणसांसाठी आता हे सही करणार न्हाईत."

मुलगी आजोळी होती. तिचा टेबलावरचा फोटो माझ्यासमोरच होता. मी रश्शाकडे पाहत म्हणाले, "मिलिंद, सुजाता बरोबर बोलतेय. मीही थकलेय आता. घालून टाकू ते वाक्य. वापरणाऱ्यांना काय फरक पडणार आहे?"

त्याने हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाला, "मॅडम, सगळ्यांना खुलं ठेवायची अट पहिल्यांदा तुम्हीच लिहिली होती. मला तेव्हा अशा अटी असतात हे ठाऊकच नव्हतं. तुम्ही समजावून सांगितलं होतं." आवाजात दोष द्यायचा सूर नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं. "तुम्ही सांगत असाल तर मी सही करतो. पण ज्यांनी ज्यांनी काम दिलंय त्यांना कळवायचं पत्र तुम्ही लिहा. मला ते जमणार न्हाई."

मी मनातल्या मनात ते पत्र लिहून पाहिलं. पहिल्या ओळीपुढे जाता आलं नाही. ज्या बाईने आपल्या डोंगरातली फुलं वर्षभर गोळा करून आम्हाला फोटो दिले होते, तिला काय लिहायचं? सुजाताने माझं तोंड पाहिलं आणि ताटात भात वाढला. "खावा," ती म्हणाली. "दोघं बी सारखीच हायसा."

तर तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही यजमान संस्थेच्या पत्राशिवाय समितीपुढे गेलो.

एका सरकारी इमारतीच्या सभागृहात तिघे बसले होते. अध्यक्षस्थानी मुंबईहून आलेल्या एक बाई. त्यांना खोकला झाला होता आणि त्या स्वतःच्या थर्मासमधून गरम पाणी घेत होत्या. आमच्या आधी कुणीतरी ड्रोन दाखवून गेलं होतं, त्यामुळे आमचे परागकणांचे फोटो फारच गरीब वाटले. मी बोलले. माझं बोलणं मलाच पाठ केलेलं वाटत होतं. संपल्यावर डावीकडच्या गृहस्थांनी विचारलंच, "मॅडम, हे फुकट उपलब्ध आहे ना? मग निधी कशासाठी?"

गाडीतल्या गृहस्थांपासून सगळ्यांना दिलेली उत्तरं जणू संपून गेली होती. मिलिंद उठून उभा राहिला.

"सर, ते फुकट मिळतंय कारण आम्ही दोघं ते फुकट करतोय," तो म्हणाला. "आणि आता मला जमेना झालंय."

बस्स, एवढंच. मला त्याने हे कधी इतक्या सरळ सांगितलं नव्हतं. गृहस्थांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. अध्यक्षबाईंनी कागद चाळले. "यजमान संस्थेचं पत्र दिसत नाही."

मिलिंदने खरं काय ते सांगितलं. वाक्य, आबा, सगळं. बाईंनी मसुदा मागून घेतला, वाचला आणि खोकल्याची उबळ ओसरेपर्यंत तो हातात धरून ठेवला.

"हे वाक्य असतं तर तुमचा अर्ज मी इथंच बाद केला असता," त्या म्हणाल्या. "सरकारी पैशातून झालेलं काम सर्वांना खुलं राहील, ही या योजनेची अटच आहे. शेवटचं जोडपत्र वाचलं नाही का तुम्ही?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मसुद्यातल्या एका वाक्यासाठी आम्ही आदला अख्खा दिवस झुंजलो होतो, आणि योजना मात्र शेवटपर्यंत वाचली नव्हती. बाईंच्या चेहऱ्यावर किंचित हसू आल्यासारखं वाटलं. कदाचित खोकलाही असेल. "उद्या सकाळी मी निघते. आज संध्याकाळपर्यंत हे वाक्य काढलेलं पत्र विश्रामगृहावर आणून द्या. मिळेलच असं मात्र मी म्हणत नाही."

प्राचार्यांना जोडपत्र दाखवलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. "अहो, नियमातच आहे तर आधी सांगायचं नाही का! मग माझी काही जबाबदारीच उरली नाही." पाच मिनिटांत नवं पत्र छापून आलं. सही आबांची हवी होती. आबा फोन उचलेनात. दुकान बंद होतं. शेजारचा दुकानदार म्हणाला, "आज मॅच हाय न्हवं पेठेची. आबा दुकानात कशाला गावत्यात (सापडतात)?"

मैदानाकडे जाताना स्कूटर पंक्चर झाली. मिलिंदने ती एका गॅरेजसमोर लावली आणि आम्ही पायी निघालो. दोन दिवसांत माझे पाय सुजून चपलेबाहेर येत होते. पत्राची फाइल मी छातीशी धरली होती. मैदानाचा आवाज मैदान दिसायच्या कितीतरी आधी आला. आत पायऱ्यांवर मुंगीला शिरायला जागा नव्हती. ढोल, शिट्ट्या, आणि पंचाच्या घराण्याचा उद्धार. मिलिंद कमरेत वाकून वाट काढत होता आणि मी त्याचा शर्ट धरून मागे चालले होते. एका पोराने ओरडून सांगितलं, "ओ, पावण्यास्नी जागा द्या की!" आणि खरोखर, माणसं सरकली.

आबा खालच्या पायरीवर होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलंच नाही. मध्यंतर होईपर्यंत आम्ही त्यांच्या मागे बसून राहिलो. मला फुटबॉलमधलं काही कळत नाही, पण आबांच्या पाठीवरून खेळ कसा चाललाय ते समजत होतं. शिट्टी झाली तेव्हा त्यांनी वळून पत्र घेतलं आणि डोळ्यांपासून लांब धरून वाचलं.

"वाक्य गेलं म्हंजे."

"सरकारचाच नियम हाय, आबा."

"मालकी न्हाय. मग आमाला काय मिळणार?"

"कॉलेजचं नाव," मिलिंद म्हणाला. "मदत करणाऱ्यांच्या यादीत. जगात कुणी बी उघडला प्रोग्राम तरी दिसंल."

"पयलं?"

"अक्षरांच्या क्रमानं येतं, आबा."

"लई खुळा हायस लेका," ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहिलं. माझे सुजलेले पाय, घामाने चिकटलेले केस, छातीशी धरलेली फाइल. "ताई, पटलंय म्हणून सही करत न्हाई बरं का. पर वर्ध्यासनं आलेली लेक रिकाम्या हातानं परत गेली, असं पेठेत कुणी म्हणाय नगं." शेजारच्याला पाठ वाकवायला लावून त्यांनी तिच्यावर कागद ठेवला आणि सही केली. "आता बसा गप. दुसरा हाफ बघून जावा."

आम्ही दुसरा हाफ पाहिला नाही. विश्रामगृहावर बाई दहीभात खात होत्या. पत्र वाचून त्यांनी "ठीक" म्हटलं आणि फाइलला लावलं. एवढ्यासाठीच आम्ही दोन दिवस फिरत होतो.

परतीच्या गाडीवर सोडायला दोघेही आले. सुजाताने चपात्या आणि ठेचा बांधून दिला होता. गाडी हलायच्या आधी ती खिडकीशी आली. "मॅडम, राग मानू नका. पण पुण्याला महिनाअखेरीला उत्तर द्यायचंय. तोवर सरकारचं कळंल काय?"

"नाही कळणार बहुतेक," मी म्हणाले. तिच्याशी खोटं बोलायची ताकद माझ्यात नव्हती.

परतताना गाडीत झोप आली नाही. साताऱ्याच्या पुढे डोंगर अंधारात गेले आणि काचेत माझाच चेहरा दिसू लागला. आपल्याकडे वडाला पार बांधायला वर्गणी जमते, बांधणाऱ्याचं नाव दगडावर कोरतात. पण तो पार रोज झाडणाऱ्याला काय मिळतं, हे कुणी कधी विचारलेलं मला आठवत नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. मिलिंदला इतकी वर्षं मी किती निरोप पाठवले असतील, ‘हे बिघडलंय, जरा बघता का’. ‘तुमचं कसं चाललंय’ असा एकही आठवेना. सुजाताच्या त्या बोलण्यातल्या माणसांत मीही होते.

महिनाअखेर आली. सरकारकडून काही कळलं नाही. मिलिंदने पुण्याला नकार कळवला. मी घाबरून फोन केला तर सुजातानेच उचलला. "मीच म्हटलं, नका जाऊ," ती म्हणाली. "हे काम सोडून ह्यांचं मन तिकडं लागणार न्हाई. मी जादा ड्युट्या घेतल्यात. पण मॅडम, हे एकदाच. परत न्हाई." मी फोन ठेवला. आमच्या त्या फुकटच्या प्रोग्रामाचा खर्च आता कोण उचलत होतं, ते मला नीट कळलं होतं.

मंजुरी आली ती पावसाळा सरल्यावर. मागितलं त्याच्या निम्मं, एका वर्षापुरतं. त्यातही नियम असा, की माणूस नेमायचा तर जाहिरात देऊनच. कॉलेजने जाहिरात दिली. ज्याने प्रोग्राम लिहिला त्याने त्या प्रोग्रामाच्या देखभालीच्या जागेसाठी अर्ज केला आणि इस्त्रीचा शर्ट घालून मुलाखतीला गेला. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी त्याला विचारलं, की या सॉफ्टवेअरचा पूर्वानुभव आहे का.

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी फोनवर विचारलं.

"म्हटलं, थोडाफार हाय."

त्याची नेमणूक झाली. आता महिन्याला पगार येतो, कधी वेळेवर, कधी उशिरा. सुजाताने जादा ड्युट्या सोडल्या. वर्ष संपलं की पुन्हा अर्ज, पुन्हा समिती, पुन्हा आबा. त्याचा विचार मी सध्या करत नाही.

परवा एका परदेशी संशोधकाचा निरोप आला. नव्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम उघडत नाही, काम अडलंय, लवकर बघा. सवयीप्रमाणे मी तो जसाच्या तसा मिलिंदकडे धाडला. आजवर असा निरोप गेला की तासाभरात त्याचं उत्तर यायचं, दिवाळी असो की घरात आजारपण. या वेळी संध्याकाळ झाली तरी काही आलं नाही. मला काळजी वाटू लागली. मग फोन वाजला. मिलिंदने मुलीचा फोटो पाठवला होता, कुठल्याशा बागेतल्या झोपाळ्यावरचा, आणि खाली एक ओळ.

‘आज रविवार हाय, मॅडम. उद्या बघतो.’